मालगाडीचे शॉक ॲब्सॉर्बर केव्हां व कसे बदलावे

गेल्या अंजिराच्या हंगामांत आमची पिकअप गाडी पुरंदरांतून दिवे घाट उतरून पुण्याच्या मार्केट यार्डांत नित्य जात असे. आडत्याच्या गाळ्यावर टोपल्या उघडाव्या तों तळचें फळ दबून ओलें झालेलें. पुरंदरच्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें खरें, पण फुटलेल्या फळास नांव काय कामाचें? एका कारागिरानें कमानींत एक पाटा वाढविण्याचा सल्ला दिला. आम्हीं तो मानिला, आणि नुकसान अधिकच वाढलें. महसूल खात्यांत जन्म काढून हा साधा हिशेब आम्हांस उमगला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

भार धरते ती कमान. शॉक ॲब्सॉर्बर भार धरीत नाहीं. खड्ड्यांत चाक गेलें म्हणजे कमान दबते व उसळते, आणि कोणी आवरलें नाहीं तर पाळण्यासारखी झोके घेत राहते. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळींतील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलीत वरखालीं होतो. त्यांत उसळीचा जोर उष्णतारूपानें खर्ची पडून झोका थांबतो. सील झिजून तेल गळलें कीं हा आवर जातो. आमचा पाटा वाढल्यानें कमान ताठ झाली, धक्का वाढला, झोका तसाच राहिला. यांत केवळ मालाची हानि नाहीं. टायर ठिकठिकाणीं खोलगट झिजतो, आणि चाक रस्ता सोडूं लागल्यानें ब्रेक लावूनही गाडी लांब जाऊन थांबते. घाट उतरणारानें हें विशेष ध्यानांत ठेवावें.

नळीवर तेलानें भिजलेली धूळ दिसल्यास शंका घ्यावी. खराब रस्त्यावरून आल्यावर एक नळी कोमट व जोडीची थंड लागली, तर थंड असलेली बहुधा निकामी झाली समजावें. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची रीत मोटारीस ठीक. पाट्यांच्या घर्षणामुळें मालगाडीस तिचा भरंवसा नाहीं.

सुटे भाग नाना पेठेंत मिळतात. एक फेरी भरून व एक रिकामी करणाऱ्या गाडीस, आमच्या मतें, कारखान्यानें नेमलेल्या मापाचेच घ्यावे. फार कडक घेतल्यास रिकामी गाडी हाडें खिळखिळीं करते. एकाच आंसावरील दोन्ही एकदम बदलावे.

गंजल्या नटांवर आदल्या रात्रीं तेल सोडावें. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस दगड लावावे, आणि नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. मजबूत घोडी लावावी. नवा शॉक ॲब्सॉर्बर उभा धरून चार-पांच वेळां पूर्ण ताणून दाबावा, म्हणजे आंतील हवा वर निघते. चकचकीत दांडीस पकड लावूं नये, ओरखड्यानें सील फाटतें. रबरी बुशांचे नट शेवटचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर टेकल्यावरच. अधांतरीं आवळल्यास बुश पिळला जाऊन लौकर तुटतो. पुढें गुंडाळी स्प्रिंग असल्यास तें काम घरीं करूं नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेततें.

आम्हीं वाढीव पाटा काढविला व मागील जोडी बदलली. नंतरच्या फेऱ्यांत तळच्या टोपल्याही वरच्यांच्याच भावानें गेल्या.