साडीचा रंग फोटोत बरोबर येत नाही? आधी कॅमेरा ऑटोवरून काढा

मागच्या दिवाळीत माझ्या दुकानातून ऑनलाइन गेलेल्या सात साड्या एकाच आठवड्यात परत आल्या. कापड चांगलं, जर चांगली, तक्रार एकच: "दादा, फोटोत रामा कलर होता, आली ती मोरपंखी." जातायेताचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं. चूक गिऱ्हाइकाची नव्हती, माझा कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता.

ऑटो काय करतो, तर फ्रेममध्ये जे दिसतं त्यावरून उजेडाचा रंग ओळखायला बघतो. अख्खी फ्रेम लाल साडीने भरली की त्याला वाटतं उजेडच तांबडा आहे, आणि तो लाल कमी करतो. पुढच्या हिरव्या साडीला वेगळाच हिशोब.

म्हणून आधी उजेड एकच ठेवा. दुकानातला पिवळा दिवा साधारण ३००० केल्विन, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. दोन्ही एकदम साडीवर पडत असतील तर कुठलंच सेटिंग दोघांना पुरत नाही. एक बंद करा. एलईडी नवीन घेणार असाल तर सीआरआय ९० च्या वरचा बघा, स्वस्तातल्या दिव्याखाली लाल रंग मेलेला दिसतो आणि तो नंतर नीट परत आणता येत नाही.

आता ग्रे कार्ड. साडी जिथे मांडणार तिथेच, त्याच उजेडात कार्ड धरा आणि फ्रेम भरून फोटो घ्या. कॅननमध्ये मेन्यूत कस्टम व्हाइट बॅलन्सला तो फोटो निवडा, आणि मग मोडसुद्धा कस्टमवर टाका. ही दुसरी पायरी निम्मे लोक विसरतात. निकॉनमध्ये यालाच प्रीसेट मॅन्युअल म्हणतात. झेरॉक्सचा कागद मात्र कार्ड म्हणून वापरू नका! त्यात पांढरेपणासाठी केमिकल असतं, त्याने कागद किंचित निळसर दिसतो आणि तुमचा फोटो पिवळट होतो.

एवढ्याने फोटोवरची एकसारखी झाक जाते. पण रामा-मोरपंखी, राणी-जांभळा असे शेजारचे रंग तरीही घोळ घालतात. त्यासाठी २४ चौकोनांचं कलर चेकर कार्ड मिळतं. रॉ मध्ये त्याचा एक फोटो घ्या, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवा आणि लाइटरूममध्ये सगळ्या फोटोंना लावा. कार्ड थोडं महाग आहे, पण रोज साड्या विकत असाल तर घ्याच.

शेवटी फोटो एसआरजीबीमध्येच सेव्ह करा, अडोबी आरजीबीचे फोटो बऱ्याच ठिकाणी फिके दिसतात. आणि लॅपटॉपचा नाइट लाइट बंद आहे ना? मी महिनाभर तो चालू ठेवून रंग दुरुस्त करत बसलो होतो. हसू नका, आत्ता जाऊन तुमचाही बघा.

खिडकीच्या उजेडात काढत असाल तर ढग आले की कार्डाचा फोटो परत घ्या.