पत्र्याचे छप्पर आणि घराचा विमा

कोकणातील घरांच्या छपरांचे रूप गेल्या काही दशकांत झपाट्याने पालटले आहे. पेंढ्याची आणि नळ्याच्या कौलांची छपरे मागे पडली, मंगलोरी कौले आली आणि आता अनेक गावांतून पत्रा दिसू लागला आहे. दर वर्षी मृगापूर्वी करावी लागणारी शाकारणी, त्यासाठी न मिळणारे जाणते हात आणि कौले फोडणाऱ्या वानरांचा उपद्रव, ही या बदलाची ठळक कारणे होत. छपराबरोबर घराची जोखीमही बदलते. जोखीम बदलली की तिचे मोल ठरविणाऱ्या विम्याचा विचार ओघानेच येतो. पत्रा घातल्याने विम्याचा हप्ता कमी होतो काय, हा प्रश्न म्हणूनच ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी समजून घेण्याजोगा आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत घरांची मोठी हानी झाली व तीत छपरांचा वाटा फार मोठा होता. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत शिरले. अशा प्रसंगी शासकीय मदत मिळते. परंतु तिचा हेतू तातडीचा आधार देणे हा असतो, घर पूर्ववत करून देणे हा नव्हे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी ठरलेल्या निकषांत, सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठेवले होते. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी मात्र ६,५०० रुपये आणि कच्च्या घरासाठी ४,००० रुपये एवढीच तरतूद होती. भिंती उभ्या आणि छप्पर गेलेले, अशा घराला या रकमेत नवे छप्पर घालता येणे कठीण. हे अंतर भरून काढण्याचे साधन म्हणजे विमा.

विमा घराकडे कसा पाहतो?

विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देशभर लागू झाली. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे इत्यादी आपत्तींपासून तिच्यात घराला संरक्षण मिळते. घराचा विमा किती रकमेचा असावा हे चटई क्षेत्रफळाला बांधकामाच्या प्रचलित दराने गुणून ठरते. समजा, घराचे चटई क्षेत्रफळ ६० चौरस मीटर असून बांधकामाचा दर चौरस मीटरला १५ हजार रुपये आहे, तर विमा ९ लाखांचा होईल. घरातील सामानाला याच्या २० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते. त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. जमिनीची किंमत या हिशेबात धरली जात नाही.

आता छपराकडे वळू या. ज्या इमारतीच्या भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्या, झावळ्या, गवत, बांबू, प्लॅस्टिक, ताडपत्री अशा पदार्थांचे असते, तिला विम्याच्या परिभाषेत कच्चे बांधकाम म्हणतात. पोलादी पत्रा या यादीत येत नाही. त्यामुळे पेंढ्याचे छप्पर काढून पत्रा घातला आणि भिंती जांभ्या दगडाच्या वा विटांच्या असल्या, तर घर कच्च्या वर्गातून बाहेर पडते. विमा मिळणे सुलभ होते आणि हप्त्यावरही त्याचा अनुकूल परिणाम होऊ शकतो. भिंती कुडाच्याच राहिल्या, तर मात्र केवळ पत्र्यामुळे घराचा वर्ग बदलत नाही. कौले काढून पत्रा घालणाऱ्यालाही, घर आधीच पक्क्या वर्गात असल्याने, या कारणास्तव सवलतीची अपेक्षा धरता येणार नाही. २००७ पासून दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळालेली असल्याने दोन-तीन कंपन्यांकडून दर मागवून पाहणे हिताचे ठरते.

हलके छप्पर, मोठा जोर

पत्र्याचे गुण अनेक आहेत. तो पेट घेत नाही. भूकंपात हलके छप्पर जड छपरापेक्षा कमी घातक ठरते. मंगलोरी कौलांचे छपर रिपांसह चौरस मीटरला सुमारे ६० ते ६५ किलो भरते, तर पत्रा अवघा पाचेक किलो. परंतु वादळात हाच गुण दोष बनतो. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भरेल एवढा असतो. छपरावरून वाहणारा वारा त्याला खाली दाबण्याऐवजी बहुधा वर खेचतो, आणि आढ्याजवळ व वळचणीच्या कडांना ही ओढ सर्वाधिक असते. एखादे दार वा खिडकी उघडली गेली, तर आत शिरलेला वारा खालूनही रेटा देतो. तीन मीटर लांब व पाऊण मीटरहून थोड्या अधिक रुंद पत्र्यावर अशा वेळी दीडशे किलोंपेक्षाही अधिक जोर येऊ शकतो. त्याचे स्वतःचे वजन मात्र बारा किलोंच्या आसपास असते. उरलेला सर्व भार हुक, स्क्रू आणि रिपा यांना पेलावा लागतो. पत्रा रिपेला, रीप वाशाला आणि वासा भिंतीला घट्ट जखडलेला असेल, तरच छप्पर टिकते. या साखळीची एक कडी निसटली की उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या जिवावरही उठतो. कमी उंचीच्या घरांची वादळास तोंड देण्याची क्षमता कशी वाढवावी, याविषयी भारतीय मानक १५४९८ उपलब्ध आहे. घरकुलांची कामे पाहणाऱ्या अभियंत्यांनी ते हाताशी ठेवावे.

अमेरिकेतील अनुभव

जोडणीचे हे महत्त्व विम्याच्या हप्त्यात कसे उतरवता येते, याचे उदाहरण अमेरिकेतील अलाबामा राज्यात पाहावयास मिळते. तेथे २००९ च्या कायद्यान्वये वादळास तोंड देण्यासाठी बळकट केलेल्या घरांना हप्त्यात सवलत देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक झाले. ‘फोर्टिफाइड’ या मानकानुसार छप्पर बांधले असल्याची तपासणी त्रयस्थ निरीक्षक करतो आणि त्याचे प्रमाणपत्र पाच वर्षांपुरते असते. सवलत मिळते ती पत्रा आहे म्हणून नव्हे, तर छप्पर मानकानुसार बसविले आहे म्हणून.

टेक्सासमध्ये गारपिटीचा प्रश्न आहे. तेथे आघातरोधक छपराला सवलत मिळते. सर्वोच्च श्रेणीच्या चाचणीत दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. छपराला तडा जाता कामा नये. तथापि अशा सवलतीबरोबर एक अटही जोडलेली असू शकते : गारांनी पत्र्याला पोचे पडले, पण गळती झाली नाही, तर भरपाई मिळत नाही. हप्ता कमी झाला की संरक्षणही कोठे कमी झाले काय, हे पाहावे, हा यातील धडा होय.

गावपातळीवर काय करता येईल?

पहिली गोष्ट नोंदीची. छप्पर वा भिंती बदलल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील घराचे वर्णन अद्ययावत करून घ्यावे. विमा घेताना क्षेत्रफळ व बांधकामाचे स्वरूप खरे सांगावे. नंतर पडवी वाढविली किंवा गच्चीवर पत्र्याची शेड उभारली, तर तेही कंपनीला कळवावे.

दुसरी गोष्ट देखभालीची. खाऱ्या हवेत पत्र्यावरील जस्ताचा मुलामा लवकर झिजतो आणि गंज प्रथम हुकांच्या भोकांपाशी धरतो. विमा आकस्मिक आपत्तीची भरपाई देतो. वर्षानुवर्षांच्या झिजेची नव्हे. गंजून चाळण झालेल्या पत्र्याची किंमत त्यातून वसूल होणार नाही. शाकारणी संपली तरी पावसाळ्यापूर्वी एकदा छपरावर चढून हुक, वॉशर व रिपा तपासण्याचे काम संपलेले नाही.

तिसरी गोष्ट दाव्याची. महसूल खात्याचा पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो. विम्यासाठी कंपनीला स्वतंत्रपणे व विनाविलंब कळवावे लागते. ताडपत्री टाकून घर झाकावे. पण त्यापूर्वी छायाचित्रे काढावीत आणि मोडलेले पत्रे व हुक सर्वेक्षकाने पाहीपर्यंत जपून ठेवावेत. खरेदीच्या पावत्या घराबाहेर सुरक्षित जागी असाव्यात.

पत्रा हा स्वतः विम्याची सवलत नव्हे. नीट जखडलेला व राखलेला पत्रा हे घराचे पहिले संरक्षण आणि विमा हे दुसरे. पहिल्याचा खर्च काही हुकांचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा असतो. ग्रामसभेच्या मे महिन्यातील बैठकीत या दोन्ही गोष्टींची चर्चा झाली, तर जूनमधील वादळाला गाव अधिक तयारीने सामोरे जाईल.