दुरुस्तीनंतर सुरू न होणारा संगणक

पाथर्डी तालुक्यातील शाळेचा संगणक बिघडला म्हणजे तो बहुधा पाथर्डीच्या बाजारपेठेत न्यावा लागतो. गाव माणिकदौंडीकडील डोंगरात असो वा करंजी घाटाच्या अंगास, यंत्र मोटारसायकलवर कोणीतरी मांडीवर धरून नेतो व तसेच परत आणतो. दुकानात एखादा भाग बदलला जातो, पंख्यातील धूळ निघते, पडद्यावर चित्र उमटलेले शिक्षक स्वतः पाहतात. आणि तेच यंत्र शाळेच्या मेजावर मांडले की मुके होते. मग ‘यंत्र गेले’ असा निकाल लागतो आणि त्यावर कापड पडते.

हा निकाल फार महाग पडतो. या तालुक्यातील पुष्कळ मुले दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघालेल्या आईबापांबरोबर गाव सोडतात. जूनपासून तोपर्यंतचे चार महिने हाच त्यांच्या शाळेचा भरवशाचा काळ. तेवढ्यात संगणक झाकलेला राहिला, तर त्या मुलाचे बोट त्या वर्षी कळफलकास लागतच नाही. म्हणून यंत्रास मृत ठरविण्यापूर्वी अर्धा तास शोधास द्यावा.

शोधाचे सूत्र साधे आहे. ज्या जागी शेवटचा हात लागला, तेथे प्रथम पाहावे. दुकानात जो भाग काढून पुन्हा बसविला, तो नीट बसलेला नसणे किंवा वाटेतील हिसक्यांनी ढिला होणे, हे एखादा नवा भाग अकस्मात जळण्यापेक्षा कितीतरी अधिक संभवनीय होय. यासाठी यंत्र परत घेतानाच काय काढले, काय घातले, हे विचारून वहीत टिपावे. हे विचारण्यात पुष्कळांना संकोच वाटतो. तो अनाठायी आहे.

पेटी उघडण्यापूर्वी केवळ खटका बंद करून भागत नाही. जुन्या इमारतींत तारांची जोडणी उलटसुलट झालेली असू शकते, म्हणून प्लग भिंतीतून ओढूनच काढावा. नंतर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज बरीचशी निघून जाते. आतील भागास हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिर वीज नाजूक भाग बिघडवू शकते. वीज पुरविणारी आतील बंद पेटी, जिला पॉवर सप्लाय म्हणतात, ती मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक भार राहतो. मुलांना हे काम दुरूनच पाहू द्यावे.

आता लक्षण पाहावे. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, असे असल्यास दोष विजेच्या वाटेवर शोधावा. भिंतीतील प्लगमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. यूपीएस चालू आहे ना, मागील तार घट्ट बसली आहे ना, हे पाहावे. पॉवर सप्लायवर मागे एक लहान खटका असतो. वाहतुकीत तो बंद होतो आणि कोणाच्या ध्यानी येत नाही. काही जुन्या पॉवर सप्लायवर ११५ व २३० असे आकडे असलेली सरकपट्टी असते. ती आपल्याकडे २३० वरच असली पाहिजे. ११५ वर असताना वीज दिल्यास पॉवर सप्लाय जळतो. हे सर्व ठीक असेल, तर पुढील बटणाची बारीक दुपदरी तार मदरबोर्डावरील आपल्या टोकांवरून निसटली आहे काय, ते पाहावे.

पंखा फिरतो पण पडदा काळाच, हे लक्षण सर्वांत अधिक आढळते. प्रथम पडद्याची तार पाहावी. नंतर रॅम या नावाने परिचित असलेली स्मृतीची पट्टी काढून तिची सोनेरी कड स्वच्छ खोडरबराने हळुवार पुसावी, कण झटकावे आणि दोन्ही टोकांचे चाप खट् आवाज करीतोपर्यंत समान दाबाने बसवावी. प्रोसेसरजवळ चार किंवा आठ छिद्रांचा स्वतंत्र विद्युत्-जोड असतो. तो लावण्याचे राहिल्यास पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही.

यंत्र सुरू होऊन काही क्षणांत बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरील पंखा सैल झाला आहे काय, किंवा एखादा सुटा स्क्रू मदरबोर्डाखाली अडकला आहे काय, हे तपासावे. पडद्यावर अक्षरे येऊन तारीख चुकीची दिसत असल्यास मदरबोर्डावरील ३ व्होल्टची चपटी बटणबॅटरी संपलेली असते. तीच पडद्यावरील अक्षरे चकती सापडत नाही असे सांगत असतील, तर चकतीच्या दोन्ही तारा पुन्हा बसवाव्या.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास सोप्याकडून कठिणाकडे जाण्याची अध्यापनातील रीत येथेही लावावी. प्रोसेसर व त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि पडदा एवढेच ठेवून बाकी सर्व काढावे व यंत्र सुरू करावे. चालले, तर एकेक भाग जोडीत जावे. प्रत्येक वेळी आधी प्लग काढावा. ज्याच्या जोडणीने यंत्र पुन्हा मुके होईल, तोच दोषी. घाईने एकदम दोन भाग जोडले, तर सारा शोध वाया जातो.

दुरुस्तीची हमी चालू असेल आणि पेटीवर मोहोर असेल, तर ती न तोडता बाहेरच्या तारा तपासून यंत्र परत न्यावे, व सोबत लक्षणांची वही द्यावी. नेताना पेटी अशा बाजूवर आडवी ठेवावी की मदरबोर्ड खाली व प्रोसेसरचा पंखा वर येईल, आणि खाली घोंगडी घालावी.