जातिवंत मांजर, प्रदर्शन आणि वंशावळीचा कागद

जातिवंत मांजरांच्या प्रदर्शनात, म्हणजे बोलण्यात ज्याला 'कॅट शो' म्हटले जाते त्या स्पर्धेत, एक मांजर दुसऱ्या मांजराशी थेट तोलले जात नाही. त्या त्या जातीच्या आदर्श मांजराचे जे वर्णन नियमावलीत लिहून ठेवलेले असते, म्हणजे त्या जातीचे 'मानक', त्याच्याशी प्रत्येक मांजर ताडून पाहिले जाते आणि मानकाच्या जे अधिक जवळ जाईल ते वरच्या क्रमांकाचे ठरते. मात्र ही ताडणी सुरू होण्याआधी ते मांजर मुळात त्या जातीचे आहे हे सिद्ध व्हावे लागते, आणि ते चेहऱ्यावरून नव्हे, कागदावरून सिद्ध होते. पर्शियन मांजरांच्या आपल्याकडील बाजारात ही गोष्ट विकणाऱ्याला पक्की ठाऊक असते, घेणाऱ्याला ती कोणी सांगत नाही, आणि घेणारा अजिंठा लेण्यांजवळील फर्दापूरसारख्या गावातून आलेला असेल तर ती जाणूनबुजून सांगितली जात नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे अनुभवांती झालेले मत आहे.

या स्पर्धांचा आधुनिक आरंभ १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या प्रदर्शनापासून मानला जातो. ते भरवणारे हॅरिसन वेअर हे व्यवसायाने चित्रकार होते. मांजरांच्या गुणांकनाची पहिली मानके त्यांनीच लिहिली, १८८७ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅट क्लबचे पहिले अध्यक्षही तेच झाले, आणि पुढे सभासदांना मांजरांच्या हितापेक्षा पदकांचीच ओढ अधिक आहे अशी तक्रार करीत ते त्याच संस्थेतून बाहेर पडले. पदकांमागे माणसे कशी वागतात हे ज्याने स्पर्धा सुरू केली त्यालाच इतक्या लवकर दिसले असेल, तर पुढच्या दीडशे वर्षांत त्यात सुधारणा झाली असेल असे समजण्याचे कारण नाही.

आज मांजरांच्या वंशावळींची नोंद ठेवणारे अनेक संघ जगात आहेत. त्यांपैकी अमेरिकेतील सीएफए १९०६ मध्ये आणि टिका १९७९ मध्ये स्थापन झाला, युरोपातील फीफे १९४९ मध्ये, आणि वर्ल्ड कॅट फेडरेशन त्यानंतर काही दशकांनी. फेलाइन क्लब ऑफ इंडिया ही भारतातील संस्था वर्ल्ड कॅट फेडरेशनशी संलग्न आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया (केसीआय) ही संस्था कुत्र्यांची नोंदणी करते, मांजरांची करीत नाही. हे शेवटचे वाक्य वाचकाने लिहून ठेवावे, कारण 'केसीआय पेपरवाली पर्शियन' अशा जाहिराती मोबाइलवर सर्रास फिरत असतात आणि त्या वाचून कोणाला हसू येत नाही.

वंशावळीचा दाखला, म्हणजे ज्याला 'पेडिग्री' म्हणतात तो कागद, हा मांजराच्या सुंदरपणाचा दाखला नसून मागील तीन ते पाच पिढ्यांतील प्रत्येक नर-मादीचे नाव, रंग आणि नोंदणी क्रमांक सांगणारा उतारा असतो. जमिनीच्या व्यवहारात नुसता सातबारा पाहून कोणी शहाणा माणूस इसार देत नाही, मागचे फेरफार काढून पाहतो; येथे दाखल्यावरील आई-बापाचे क्रमांक हेच फेरफार होत. ते क्रमांक देणाऱ्या संघाकडे त्यांची खातरजमा करता येते. ज्या कागदावर क्रमांकच नाही, तो कितीही जाड आणि सोनेरी कडांचा असला तरी स्पर्धेच्या नोंदणी टेबलावर त्याला किंमत नसते.

पर्शियन पिल्लू खरेदी करताना प्रस्तुत लेखिकेला देण्यात आलेला कागद सोनेरी कडांचाच होता. त्यावर एका श्वानसंस्थेच्या नावाशी मिळतेजुळते नाव, पिल्लाचा रंग, जन्मतारीख आणि एक शिक्का होता. आई-बापाच्या रकान्यांत 'इम्पोर्टेड' एवढाच शब्द दोनदा छापलेला होता. पिल्लू घेण्यापूर्वी कागदांची विचारणा लेखिकेने लेखी केली होती आणि 'हो ताई, पेपरवालाच आहे, शो क्वालिटी' असे उत्तर आले होते, ते आजही फोनमध्ये जपून ठेवलेले आहे. त्यामुळे खरेदीदाराने आधी चौकशी करायला हवी होती, हा जो उपदेश अशा प्रसंगी नातेवाइकांकडून ऐकवला जातो, तो येथे लागू होत नाही.

प्रदर्शनाच्या ठिकाणी प्रवेश घेताना प्रथम पशुवैद्य मांजराचे कान, डोळे, त्वचा आणि लसीकरणाची पुस्तिका तपासतो, आणि मग नोंदणीच्या टेबलावर जात, रंग, जन्मतारीख, बाप, आई, पैदासकार, नोंदणी क्रमांक असे रकाने भरले जातात. ते पिल्लू वाढून बोका झाल्यावर त्याला प्रदर्शनाला नेले, तेव्हा पशुवैद्यापुढे कसलीच अडचण आली नाही. बोक्याच्या अंगावर एक गाठ किंवा एक गोचीड नव्हती. टेबलावरील मुलीने कागद उलटसुलट पाहिला आणि अगदी साध्या सुरात विचारले, "ही संस्था कुत्र्यांची दिसते. मांजराचा पेपर कुठंय?" मागे रांग उभी होती, पिंजऱ्यात बोका ओरडत होता, आणि विक्रेत्याला तेथूनच केलेला फोन उचलला गेला नाही. त्या मुलीचा आवाज चढला असता, तिने हेटाळणी केली असती, तर तिच्यावर राग धरता आला असता. परंतु तिने रकाने मोकळे ठेवून, 'घरगुती मांजर' या वर्गात नाव घालू का, असे आदराने विचारले, आणि तेव्हाच हे पूर्णपणे ध्यानात आले की पर्शियन म्हणून मोजलेल्या रकमेत पर्शियन असण्याचा एकही पुरावा खरेदी झालेला नव्हता.

घरगुती मांजरांच्या वर्गात जातीचे मानक लावले जात नाही. आरोग्य, निगा, स्वभाव आणि एकंदर रुबाब पाहिला जातो, आणि हा वर्ग कमी प्रतीचा आहे असे मानण्याचे काही कारण नाही. अडचण निराळीच आहे. सीएफए आणि टिका या दोन्ही संघांच्या नियमांनुसार या वर्गातील प्रौढ मांजराची नसबंदी झालेली असावी लागते, आणि विक्रेत्याने तर 'शोमध्ये उतरवायचा असेल तर नसबंदी अजिबात करू नका' असे बजावले होते. ही सूचना मुख्य अजिंक्यपद वर्गापुरती खरी आहे, कारण त्या वर्गात नसबंदी न झालेलीच मांजरे घेतात. नसबंदी झालेल्या जातिवंत मांजरांसाठी सीएफएमध्ये 'प्रीमियरशिप' नावाचा स्वतंत्र वर्ग असतो, ज्याचा उल्लेख त्या गृहस्थांनी कधी केला नाही. वयात आलेला बोका भिंतींवर, पडद्यांवर आणि पाहुण्यांच्या चपलांवर ज्या रीतीने आपली हद्द आखतो, ती सोसण्याचे श्रेय मात्र सर्वस्वी या सल्ल्यालाच जाते. त्या प्रदर्शनाचे नियम सैल असल्यामुळे बोक्याला त्या दिवशी बसू दिले गेले, एवढेच.

परीक्षकाने बोक्याला दोन हातांवर लांब करून उचलले, शेपूट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत चाचपले, ओठ वर करून जबड्याची ठेवण पाहिली आणि पिसाचे खेळणे हलवून त्याची नजर फिरते का ते तपासले. जबडा खालून पुढे आलेला असून अशा ठेवणीचे पिल्लू पर्शियन म्हणून कागदांसह आले असते तरी मागे पडले असते, असे त्यांनी नंतर सांगितले. म्हणजे 'शो क्वालिटी' हे दोन्ही अर्थांनी खोटे होते.

येथे बाजारातील चेहऱ्यांच्या भाषेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडे पर्शियन पिल्लांचे भाव नाकाच्या चपटेपणावर ठरतात: नाक उठून दिसत असेल तर 'डॉल फेस', मध्यम चपटे असेल तर 'सेमी पंच', डोळ्यांच्या रेषेत दाबलेले असेल तर 'पंच फेस', आणि त्याहून पुढे 'एक्स्ट्रीम'. ही विक्रेत्यांची प्रतवारी आहे. मानकात असे वर्ग नाहीत. सीएफएच्या पर्शियन मानकातील १०० गुणांपैकी डोके, डोळ्यांचा आकार आणि कान मिळून ३० गुण आहेत, बांध्याला २०, रंगाला २०, केसांना १०, डोळ्यांच्या रंगाला १०, आणि उरलेले १० प्रमाणबद्धता व नेटकेपणा यांना. ज्या चेहऱ्यासाठी दुप्पट-तिप्पट भाव मागितला जातो, तो एकंदर गुणांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरतो. ब्रिटनमधील जीसीसीएफ या संघाच्या नियमानुसार तर नाकाच्या बोंडीची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर गेली तर तो दोष धरला जातो, म्हणजे येथे 'एक्स्ट्रीम' म्हणून जो चढा भाव दिला जातो तोच तेथे अपात्रतेकडे नेणारा ठरू शकतो. कवटीच्या विकृतीमुळे चेहरा वाकडा असणे आणि शेपटीत गाठ असणे हे दोष सीएफएच्या मानकात थेट अपात्र ठरवणारे आहेत, आणि प्रौढ नराची दोन्ही वृषणे खाली उतरलेली नसतील तर त्याला अजिंक्यपद वर्गात गुण मिळत नाहीत. या तीन गोष्टी घरच्या ओट्यावर, पाच मिनिटांत, कोणालाही तपासता येतात, आणि पैसे देण्यापूर्वी त्या विक्रेत्यासमोरच तपासाव्यात. तो चिडला तर उत्तर मिळाले असे समजावे.

पांढऱ्या पर्शियनमध्ये एक डोळा निळा व एक तांबूस असलेल्या पिल्लाला 'ऑड आय' म्हणून अधिक भाव लावतात. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण मोठे असते आणि ऑड आय मांजरांत तो बहुधा निळ्या डोळ्याच्या बाजूच्या कानाला येतो, हे सांगण्याची तसदी क्वचितच कोणी घेते. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जाणारा पीकेडी नावाचा आनुवंशिक आजार पर्शियन वंशात जुना आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून जरी सदोष जनुक आला तरी पिल्लाला तो होतो. त्याचे कारण असलेला जनुकीय बदल २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निश्चित झाला आणि तेव्हापासून गालाच्या आतून घेतलेल्या पेशींच्या नमुन्यावर तपासणी होऊ शकते. जो पैदासकार आई-बापाचे पीकेडी अहवाल दाखवतो, त्याच्याकडेच पुढचे बोलणे करावे. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली १५ अंकी क्रमांकाची तांदळाएवढी नळी, पिल्लाला बसवून घ्यावी आणि तो क्रमांक वंशावळीच्या कागदावर छापलेला आहे हे पाहावे, कारण त्यावाचून एका मांजराचा कागद दुसऱ्या मांजराला चिकटवणे अगदी सोपे असते.

गावातून स्पर्धेस उतरणाऱ्याच्या अडचणी शहरातील कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. अजिंठा लेण्यांमुळे फर्दापूरच्या चौफुलीवर जगभरचे लोक उतरतात, पण मांजराची त्रिगुणी लस, म्हणजे पॅनल्युकोपेनिया आणि श्वसनाचे दोन विषाणू यांवरील लस, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर येथून आणावी लागते. गुरांच्या दवाखान्यात लाळ्या-खुरकूत आणि घटसर्प यांवरच्या लसी असतात. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे, म्हणून ती बर्फासह थर्मासमध्ये आणण्यापेक्षा मांजरच दवाखान्यात नेणे श्रेयस्कर. शेवटची मात्रा प्रदर्शनाच्या निदान तीन आठवडे आधी झालेली असावी. बोअरच्या जड पाण्यात शाम्पू नीट निघत नाही आणि लांब केस चिकट दिसतात, तेव्हा शेवटचे धुणे गाळलेल्या पाण्याने करावे. काखेतील गुंते कात्रीने कापू नयेत, कंगव्याने रोज सोडवावेत. नखे कापलेली असावीत. मांजराला पिंजऱ्याची सवय लावावी, धीर धरावा, इत्यादी गोष्टी कोणीही सांगेल.

मुंबईकडे जायचे तर फर्दापूरहून जळगाव स्थानक सुमारे साठ किलोमीटरवर आहे, आणि रेल्वेच्या डब्यात मांजर जवळ ठेवायचे असेल तर वातानुकूलित प्रथम श्रेणीतील संपूर्ण कूपे आरक्षित करावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. चपट्या नाकाच्या मांजराला श्वासावाटे उष्णता बाहेर टाकणे कठीण जाते आणि ते तोंड उघडे टाकून धापा टाकू लागले तर तो आणीबाणीचा इशारा समजून प्रवास तेथेच थांबवावा. परत आल्यावर घरातील इतर मांजरांपासून त्याला दोन आठवडे वेगळे ठेवावे, कारण गजकर्णासारखा बुरशीजन्य रोग पर्शियनच्या दाट केसांत लपतो आणि तो माणसांनाही होतो.

ज्यांना केवळ स्पर्धेची हौस आहे, त्यांनी गावातील मांजर पाळावे. वर्ल्ड कॅट फेडरेशनने 'इंडिमाऊ' या नावाने भारतीय देशी मांजराला जातीची मान्यता दिलेली आहे, आणि उन्हाळ्यात धापा न टाकणारे, कंगव्यावाचून नीटनेटके राहणारे हे मांजर विकायला अजून कोणी 'ताई, ताई' करीत बसलेले नाही.

प्रदर्शनानंतर विक्रेत्याने अखेर फोन घेतला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुम्ही गावाकडच्या, तुम्हाला पेपर काय करायचे? घरातच तर ठेवायचंय." पैसे परत मागितल्यावर, जे काही करायचे ते आमच्या शहरात येऊन करा, असे सांगून त्याने क्रमांक बंद केला. अशा उत्तराने लोक गप्प बसतात, म्हणून कायद्याची स्थिती येथे नमूद करणे इष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. म्हणजे फर्दापूरच्या खरेदीदाराला विक्रेत्याच्या शहरात जावे लागत नाही, छत्रपती संभाजीनगरचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन नोंदवता येते. पिल्लू स्वतःच्या हौसेसाठी घेतलेले असावे, नफ्यासाठी पैदास करून विकण्याच्या हेतूने नव्हे, कारण व्यापारी हेतूची खरेदी या कायद्याच्या कक्षेत येत नाही. जाहिरातीचे छायाचित्र, 'पेपरवाला' असे म्हटलेला संदेश, पैसे पाठवल्याची नोंद आणि प्रदर्शनातील मोकळ्या रकान्यांची पावती ही चार कागदपत्रे जोडावीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची आहे, आणि प्रस्तुत प्रकरणात ती अद्याप संपलेली नाही.