‘फाइव्ह-अँड-डाइम’ : एका शब्दाचा हिशेब

अमेरिकन कथा वाचताना ‘फाइव्ह-अँड-डाइम’ हा शब्द मधूनमधून भेटतो. कोशात ‘स्वस्त किरकोळ वस्तूंचे दुकान’ एवढा अर्थ मिळतो. तो बरोबरच आहे, पण त्यात शब्दातला आकडा हरवतो. ‘डाइम’ म्हणजे दहा सेंटचे नाणे, डॉलरचा दहावा भाग. त्याचे मूळ लॅटिनमध्ये, म्हणजे आपल्या ‘दशम’चा तो दूरचा भाऊबंदच! तेव्हा खरा अर्थ ‘पाच नि दहा सेंटवाले दुकान’. ‘जनरल स्टोअर्स’ म्हटले की भावच निघून जातो. जत्रेतल्या ‘हर एक माल’च्या आरोळीत तो जास्त सापडतो.

फ्रँक वूलवर्थने १८७९ साली न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे पाच सेंटचे दुकान काढले. ते बुडाले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरला काढलेले मात्र चालले व पुढे दहा सेंटचा मालही आला. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवतात ते असे : आधी खर्च, त्यावर नफा, मग किंमत. इथे सारेच उलटे. किंमत आधी ठरलेली. तीत बसेल तोच माल ठोक घ्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल असा उघडा मांडायचा. घासाघीस नाही, म्हणून मुरलेला विक्रेताही नको. कमी पगारावर मुली नेमत. (स्वस्ताईचा भार कोणाच्या तरी पगारावर पडतो, हे आमच्या क्रमिक पुस्तकात येत नाही.)

१९३२ मध्ये वूलवर्थची मर्यादा वीस सेंटवर गेली, १९३५ मध्ये ती उठलीच. नाव तेवढे टिकले, जसे आपले ‘चार आणे’ किंवा कानडीतले ‘एंटाणे’. हलक्या प्रतीच्या वस्तूला, विचारालासुद्धा, ‘डाइम-स्टोअर’ हे विशेषण लागू लागले. अमेरिकेतील वूलवर्थची ही दुकाने १९९७ मध्ये बंद झाली.

पण या शब्दाबरोबर एक तारीख लक्षात ठेवावी असे मला वाटते. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या वूलवर्थमध्ये चार कृष्णवर्णीय कॉलेज-विद्यार्थ्यांनी प्रथम किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या, आणि मग त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. ती नाकारली गेली. एका काउंटरवर चाललेला पैसा दुसऱ्यावर चालेना. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, मग आणखी. २५ जुलै १९६० रोजी तो काउंटर कृष्णवर्णीयांना खुला झाला.