वसुलीचे पत्र येण्याआधी

गडचिरोली-चंद्रपूरकडे नव्याने रुजू होणाऱ्या भावाबहिणींनो, संघटनेची वर्गणी पहिल्या पगारापासून भरा. अडचण आल्यावर संघटना आठवणे फार महागात पडते.

मी भामरागड तालुक्यात आरोग्य सेविका होते. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, लसीची पेटी खांद्यावर आणि पायी वाट. अशा भागात राबणाऱ्यांना 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळाली. निवृत्तीला काही महिने उरले असताना कार्यालयाचे पत्र आले: कालबद्ध पदोन्नतीनंतरही एकस्तरचा लाभ चालू राहिला, सबब जादा रक्कम वसूल करण्यात येईल. वेतननिश्चिती कार्यालयानेच केली होती. भुर्दंड मात्र आमच्या माथी.

संघटनेच्या जिल्हाध्यक्षांनी पहिला प्रश्न केला, "ताई, हमीपत्र लिहून दिलं होतं का?" त्या प्रश्नातच सगळे होते. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी रफीक मसीह प्रकरणात गट क आणि ड मधील, तसेच निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असे सांगितले. पण 2016 च्या जगदेव सिंग निकालात, जादा रक्कम परत करण्याची हमी लिहून दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरली. माझ्याकडे वेतननिश्चितीचा आदेश आणि सेवापुस्तकाची प्रत होती, हमीपत्र दिलेले नव्हते. संघटनेने निवेदन दिले, बैठक लावली, वसुली थांबली. माझ्याच सोबतच्या एका भगिनीकडे एकही कागद नव्हता. तिची ग्रॅच्युइटी अडकून पडली.

म्हणून सांगते. सेवापुस्तक दरवर्षी पाहा, नोंदीखाली साहेबांची सही आहे का तपासा, दुय्यम प्रत घरी ठेवा. छापील हमीपत्रावर वाचल्याशिवाय सही करू नका. प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या. वसुलीचे पत्र आले तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि त्याच दिवशी संघटनेला कळवा.

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी 14 ते 20 तारखेपर्यंत राज्यभर संप झाला, तो सगळ्यांनी पाहिला. एकेका फायलीसाठी टेबलाटेबलावर झिजणारा पदाधिकारी कुणाला दिसत नाही. त्याच्या पाठीशी सभासद उभे असतील तरच साहेब बैठकीची तारीख देतात. सभासद व्हा, बैठकीला या, आणि शेजारच्या उपकेंद्रातल्या नव्या मुलीलाही सोबत आणा.