गटार तुंबते मोरीत



चारीत गवत माजलं की पहिली झळ टेलच्या शेतकऱ्याला बसते. मुखाजवळच्याला पत्ताही नसतो. गावच्या गटाराचं तसंच, फक्त उलटं. चारी तुंबली तर टेलला पाणी पोचत नाही आणि गटार तुंबलं तर साऱ्या गावाचं पाणी टेलच्याच दारात साचतं. वरच्या आळीचं खरकटं खालच्या आळीच्या उंबऱ्याला लागतं आणि दोष ग्रामपंचायतीला. ग्रामपंचायतीचं चुकत नाही असं आमचं म्हणणं नाही; उतार न बघता बांधलेली गटारं आम्हीही पाहिली आहेत. पण तुंबलेलं गटार उकरल्यावर निघतं काय? चहाचा चोथा, भाताची शितं, केस, शाम्पूच्या नि तंबाखूच्या पुड्या आणि हे सगळं धरून ठेवणारा पांढरट चिकट थर. हा माल आपल्या मोरीतला.

हा थर कसा धरतो ते पाहू. तूप, डालडा, मटणाची चरबी गरम असते तोवर पातळ. नळीत थंड झाली की कडेला गोठते. त्यात आपल्याकडे विहिरी-बोअरचं पाणी बहुधा जड. त्यातला चुना साबणाशी मिळून नासलेल्या दुधासारखा साका होतो. कारखान्यात रस आटवणाऱ्या नळ्यांतही क्षारांचं कीट बसतं, म्हणून ठरावीक दिवसांनी सफाई घ्यावीच लागते. घरच्या नळीची सफाई कोण घेतो? काही घरी मोरीत कढत पाणी ओततात. त्यानं आपली मोरी मोकळी होते खरी, पण तूप पुढं जाऊन शेजाऱ्याच्या दारात गोठतं.

त्यापेक्षा तुपाचं, रश्शाचं भांडं घासण्याआधी रद्दी कागदानं पुसून घ्यावं. खरकटं जनावराच्या पाटीत, चोथा झाडाच्या बुडाला. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी आणि ती रोज झाडावी. आठवड्यानं झाडलेली जाळी म्हणजे बूचच. राखेनं भांडी घासत असाल तर ती राख परसात टाका, नळीत ती तळाला बसते.

हे बायकांचं काम म्हणून पुरुष सभासदांनी पान उलटू नये. गोठा धुऊन शेण नि वाढ्याचा चुरा गटारात लोटणारे हात कुणाचे? शेण उकिरड्यात किंवा गोबर गॅसमध्ये गेलं तर खत होतं, गटारात गेलं तर नुसता गाळ.

जागा असेल तर सांडपाणी गटारात सोडूच नये. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर बारीक खडी आणि पाणी आत जाण्याआधी तेल-गाळ अडवणारं छोटं टाकं. ते टाकं वरचेवर उपसलं नाही तर खड्डाही बुजतो. विहिरीपासून ५० फूट तरी लांब घ्यावा. मुरमाड जमिनीत हे उत्तम चालतं. काळ्या चिकण मातीत पाणी जिरत नाही, तिथं केळी, अळू, कर्दळ लावून पाणी तिकडं फिरवावं. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो, हत्तीरोग पसरवणारा तोच. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

संडासाच्या टाकीचं पाणी उघड्या गटारात सोडू नये, त्यालाही शोषखड्डाच हवा. टाकी भरली तर ती उपसायला माणूस आत उतरवू नका. आत विषारी वायू साठलेला असतो. उतरणारा शुद्ध हरपून पडतो आणि त्याला वाचवायला गेलेलाही परत येत नाही. संरक्षक साधनांशिवाय असं काम करून घेणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मैला उपसणारी गाडीच बोलवावी. गटार साफ करणाऱ्याचा हात आपल्या फुटक्या काचांवर, दाढीच्या पात्यांवर पडतो, एवढंही ध्यानात असू द्यावं. काच कागदात गुंडाळून वेगळी ठेवायला कितीसा वेळ लागतो?

आणखी एक. उपसलेला गाळ काठावरच पडून राहतो आणि पहिल्या पावसात परत गटारात जातो, मजुरी फुकट. म्हणून उपसणी ठरवतानाच ट्रॉली ठरवावी. वळवाआधी उपसणी घेतली तर सोपं पडेल. तोवर गळीत हंगाम आटोपून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या गावात रिकाम्या उभ्या असतात.